राक्षस पटतो, शेंगदाणा पटत नाही: अद्भुतकथेत वाचकाचा विश्वास तुटण्याची तक्रार आणि तिचे निवारण

तक्रार नेमकी काय आहे

अद्भुतकथा लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही तक्रार कधी ना कधी ऐकावी लागते. वाचक मंत्र, शाप, बोलणारे डोंगर, तीन डोकी असलेले पक्षी हे सगळे निमूटपणे स्वीकारतो आणि मग एखाद्या अगदी किरकोळ तपशिलापाशी अडून पुस्तक खाली ठेवतो. लेखकाची पहिली प्रतिक्रिया चिडण्याचीच असते. एवढा मोठा राक्षस गिळला, आणि एवढीशी गोष्ट घशात अडकली का, असे त्याला वाटते. तपशील बदलला की तेवढ्यापुरती तक्रार मिटते, परंतु पुढच्या खर्ड्यात ती दुसऱ्याच ठिकाणी डोके वर काढते, आणि म्हणून एकेक चूक पुसत बसण्यापेक्षा ती कोणत्या वाटेने आत येते हे शोधणे अधिक उपयोगाचे ठरते.

माझ्यापुरते हे शोधकाम ज्या प्रसंगातून सुरू झाले तो सांगते. बाराव्या-तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांच्या राज्यावर बेतलेल्या एका काल्पनिक राज्याची कथा मी लिहिली होती. राजधानीचे नाव बदलले होते, राजवंश नवा रचला होता, मात्र गोदावरी गोदावरीच ठेवली होती. पैठणजवळ शेती करणाऱ्या माझ्या मामांना तिची काही प्रकरणे वाचायला दिली. आषाढी एकादशीच्या रात्री डोहातून जळराक्षस वर येतो, नायिकेला तीन कोडी घालतो आणि उत्तर चुकले तर तिची सावली मागून घेतो, असे ते प्रकरण होते. मामांनी ते मन लावून वाचले, मध्ये एकदा "बरं" म्हणाले, पान उलटले आणि थांबले. पुढच्या पानावर नायिका देवळाच्या ओवरीत बसून साबुदाण्याची खिचडी खात होती.

"अगं, त्या काळी भुईमूग कुठला?" मामांनी चष्मा काढून विचारले.

"मामा, तुम्हाला जळराक्षस चालला ना? मग शेंगांचे काय एवढे?"

"राक्षस तू केलास. शेंगा तू केल्या नाहीत. त्या तुझ्याकडून राहून गेल्या."

बिघाड कुठे असतो

त्या एका वाक्यात निदान होते. इंग्रज कवी कोलरिज याने १८१७ मध्ये वाचकाच्या या मनःस्थितीला अविश्वासाची स्वखुशीने केलेली स्थगिती असे म्हटले होते, आणि त्यातला 'स्वखुशीने' हा शब्द आपण सहसा विसरतो. लेखक राक्षसाला रंगमंचावर आणतो, त्याचा आवाज ऐकवतो, त्याचे नियम सांगतो; म्हणजे तो वाचकाकडे एका सवलतीची मागणी करतो आणि वाचक ती देतो. शेंगदाण्यासाठी अशी मागणी कोणीच केलेली नसते. तो पार्श्वभूमीत गुपचूप येऊन बसतो आणि आपण खऱ्या जगातून आलो आहोत असे भासवतो, म्हणून वाचक त्याला खऱ्या जगाचेच माप लावतो. माप चुकले की त्याला दिसतो तो लेखक: आपल्या स्वयंपाकघरात बसलेला, हाताशी आले ते लिहून मोकळा झालेला. एकदा लेखक दिसला की राक्षसही कागदाचाच वाटू लागतो.

यावर एक बचाव नेहमी केला जातो, की हे राज्य काल्पनिक असल्यामुळे येथे काहीही उगवू शकते. हा बचाव अर्धाच खरा आहे. ज्या जगातले डोंगर, नद्या, देव, पोशाख आणि नावे सगळी नवी आहेत तेथे भुईमूग उगवायला खरोखरच हरकत नाही. पण आपण गोदावरी घेतली, घाट घेतला, एकादशी घेतली, ओवरी घेतली की उरलेले चित्र वाचक स्वतःच्या आठवणीतून आणि माहितीतून भरतो. लेखकाला ते भरावे लागत नाही, ही त्याची केवढी तरी बचत असते. या बचतीची किंमत अशी की जेवढे उसने घेतले तेवढ्याचा हिशेब द्यावा लागतो. दुरुस्तीला बसण्यापूर्वी आपण नेमके काय काय उसने घेतले आहे हे एका कागदावर लिहून काढावे. माझी ती यादी दीड पान भरली, आणि मी नवे जग निर्माण केले आहे हा माझा समज तेव्हाच बराचसा उतरला.

आधी ताट तपासावे

सर्वांत जास्त गळती स्वयंपाकघरातून होते, असा माझा अनुभव आहे. याचे कारण साधे आहे. शस्त्र किंवा मुकुट लिहिताना आपण थबकतो, माहिती शोधतो. जेवण लिहिताना थबकत नाही, कारण ते आपल्याला येते.

साबुदाण्याच्या खिचडीचेच पाहू. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि तमिळनाडूत सेलमच्या परिसरात त्याचा उद्योग उभा राहिला तो १९४० च्या दशकात. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच, आणि त्याचे नावही आपण पोर्तुगीजांकडून घेतलेले. हिरवी मिरची अमेरिका खंडातली. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतले १५१० मध्ये. ही सगळी मंडळी त्यानंतर आलेली आहेत. यादवकाळातल्या त्या ताटलीतून एवढे वजा केले तर जिरे, तूप आणि मीठ उरते. उपवासाला रताळे ठेवावे म्हटले तर तेही अमेरिकेतलेच. वरई, शिंगाडा, सुरण, दूध आणि केळी यांवर मात्र निर्धास्तपणे भागवता येते.

मिरचीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण तिखटाशिवाय मराठी जेवणाची कल्पनाच आपल्याला करता येत नाही. परंतु तिखटपणा मिरचीच्या आधीही होता. तो मिरी, पिंपळी, सुंठ आणि मोहरी यांचा होता, आणि मिरची हे नावच मिरीवरून पडलेले आहे. येथे केवळ शब्द बदलून भागत नाही. मिरीचा तिखटपणा जिभेच्या टोकाला झोंबण्याऐवजी घशाकडे आणि नाकाकडे जातो, पिंपळीचा थोडा उशिराने चढतो आणि रेंगाळतो. "तिने ठेच्याचा घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आले" या वाक्यात ठेच्याच्या जागी मिरी टाकली तर वाक्य कालदृष्ट्या शुद्ध होते, पण पात्राची जीभ अजून आपलीच राहते. माझ्या कथेतल्या सैनिकाला मी शेवटी ताकात कालवलेला भात, वर कुटलेली पिंपळी आणि मीठ दिले, आणि दोन घास गेल्यावर त्याचा घसा तापला असे लिहिले. ज्यांना या काळाची काहीच माहिती नव्हती त्या वाचकांनाही ते जेवण आठवणीत राहिले. चुकीची दुरुस्ती करताना असा फायदा पुष्कळदा पदरात पडतो.

याच काळातल्या अन्नाविषयी सांगायचे तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात पाककृतींचे मोठे प्रकरण आहे. त्यात इडलीशी नाते सांगणारा 'इड्डरिका' नावाचा पदार्थ आहे, मांडे आहेत, आणि शेतातले उंदीर भाजण्याची रीतही आहे. या उंदरांकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

ताटानंतर अंगण. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा आहे. निशिगंध मेक्सिकोचा आहे. देवळासमोरचा पांढरा देवचाफा अमेरिका खंडातला आहे. सोनचाफा मात्र आपला. गुलमोहर मादागास्करहून एकोणिसाव्या शतकात आला, त्यामुळे नायक-नायिकेची भेट त्याच्या लाल सावलीत घडवण्याचा मोह आवरावा आणि पळसाखाली घडवावी. पळसाला सावली विशेष नसते हे मान्य आहे, परंतु तो फुलतो फाल्गुनात, आणि त्यामुळे कथेला महिना मिळतो. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी की झेंडू खटकणारे वाचक फार थोडे असतात. मिरची बऱ्याच जणांना खटकते, बटाटा आणि चहा जवळजवळ सर्वांना. म्हणून दुरुस्तीचा क्रम वाचकाच्या माहितीप्रमाणे लावला तरी चालतो, मात्र काय सोडून दिले आहे हे लेखकाला स्वतःला माहीत असावे.

एक वाक्य उघडून पाहू

माझ्या पहिल्या खर्ड्यातले हे वाक्य पाहावे: "पाच मिनिटांत त्याने मशाल पेटवली, चावीने तुरुंगाचा दरवाजा उघडला आणि शिपायाला खबर देऊन तो किल्ल्याबाहेर पडला."

कथेचा काळ इस्लामी राजवटी दख्खनेत येण्यापूर्वीचा, निदान त्याच्या धर्तीवरचा. या वाक्यात चावी आणि तुरुंग हे दोन शब्द पोर्तुगीज मुळाचे आहेत. दरवाजा आणि शिपाई फारसीतून, तर मशाल, खबर आणि किल्ला अरबीतून, बहुधा फारसीच्या वाटेने आलेले आहेत. मिनिट तर इंग्रजीच. म्हणजे त्या बिचाऱ्या पहारेकऱ्याच्या एका कृतीत पुढच्या सहा-सातशे वर्षांचा इतिहास घडून गेला. बादली, परात, घमेले, बिजागरी आणि पगार हीदेखील पोर्तुगीजांचीच देणगी आहे, हे शब्द शोधू लागल्यावर कळले, आणि काही दिवस मला घरात बोलायचीही धास्ती वाटू लागली.

ती धास्ती व्यर्थ होती, कारण येथे उलट बाजूचा बिघाड उद्भवतो. तेराव्या शतकातल्या मराठीत आज कादंबरी लिहिली तर ती कोणी वाचणार नाही, आणि फारसी-अरबी वगळून लिहिलेले निवेदन असे ताठरते की त्याला पौराणिक नाटकाचा वास येऊ लागतो. मी शेवटी एक सीमा आखली. निवेदकाची मराठी आजची राहील, कारण निवेदक ही कथा आजच्या माणसाला सांगत आहे. पात्रांच्या तोंडचे संवाद आणि पात्रांच्या हातातल्या वस्तू मात्र तपासल्या जातील. त्या हिशेबाने वाक्य असे झाले: "दोन पळेही गेली नसतील, तोच त्याने आगटीतल्या निखाऱ्यावर दिवटी धरली, फुंकर घालून पेटवली, कवाडाची खीळ सरकवली आणि बाहेरच्या पाइकाच्या कानाशी लागून म्हणाला, 'दुर्गाधिपतीला जाऊन सांग, बंदी पळाला.'"

यातला खरा फायदा शब्दांचा नाही. मूळ वाक्यात मशाल 'पेटली', पण कशाने पेटली हा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण माझ्या मनात खिशात काडेपेटी होती, आणि घासून पेटणारी काडी ही एकोणिसाव्या शतकातली वस्तू आहे. त्याआधी विस्तव राखेखाली जपून ठेवावा लागे, विझला तर चकमक झाडावी लागे किंवा शेजारी जाऊन मागून आणावा लागे. विस्तव मागायला जाणे हे गावातल्या कितीतरी बातम्या, भांडणे आणि भेटी घडवणारे निमित्त होते. माझ्या कथेत नायिकेला शत्रूच्या छावणीतली बातमी कशी कळावी हा पेच तीन महिने सुटत नव्हता. तो विस्तव मागायला गेल्यावर सुटला.

काळ उलटा असेल तर नियमही उलटा होतो, हे येथेच सांगितले पाहिजे. शिवकाळावर बेतलेल्या कथेत सगळी पात्रे संस्कृतनिष्ठ मराठी बोलू लागली तर तीही चूकच ठरते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो राज्यकारभाराची भाषा फारसीने भरलेली होती म्हणूनच. त्या दरबारात 'हुकूम' आणि 'फौज' हे शब्द ऐकू येणेच खरे आहे.

घोडा, पेटी आणि पाऊस

वस्तू बरोबर असूनही शरीर आणि अंतर चुकते, हा बिघाडाचा तिसरा प्रकार. घोडा भरधाव फार तर तीन-चार किलोमीटर धावू शकतो. दिवसभराच्या प्रवासात चाल आणि दुडकी यांच्या मिश्रणाने चाळीस-पन्नास किलोमीटर जमले तर उत्तम. देवगिरी ते पैठण हे साठ-एक किलोमीटरचे अंतर तुमचा दूत एका रात्रीत दौडत पार करत असेल तर वाटेत घोडा बदलण्याची सोय दाखवावी लागते, नाहीतर घोडा मारावा लागतो. पायी प्रवासाचे माप मराठी वाचकाच्या रक्तातच आहे: आळंदीहून निघालेली पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरपूरला पोहोचते त्याला मुक्काम धरून अडीच-तीन आठवडे लागतात. ज्याने एकदा वारी केली आहे तो तुमच्या सैन्याचा वेग मनातल्या मनात मोजतोच.

सोन्याची पेटी हा असाच एक फसवा तपशील. यादवांचे पद्मटंक हे सोन्याचे नाणे पावणेचार ग्रॅमच्या आसपासचे. मूठभर असतील तर कमरेला बांधून पळता येते. पण सर्व बाजूंनी एक फूट असलेली पेटी नाण्यांनी भरली तर वजन तीनशे किलोच्या घरात जाते, आणि चोर ती खांद्यावर टाकून तटावरून उडी मारतो हे फक्त चित्रपटातच शोभते. शिवाय एका जेवणाबद्दल सोन्याचे नाणे फेकणारा वाटसरू फक्त त्या व्यवहारात बसत नाही एवढेच नव्हे, तर लुटला जाण्याची शक्यताच अधिक. तेथे कवड्या आणि दाम चालत. मुळात जेथे तो ते नाणे फेकतो ती मद्याची पिंपे, लाकडी बाके आणि धगधगती शेकोटी असलेली जागादेखील युरोपातून, बहुधा संगणकावरच्या खेळांतून, आलेली असते. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामी आणि त्यांची मंडळी गावोगाव फिरतात ती देवळांत आणि मठांत उतरतात. संशयास्पद अनोळखी माणसाने कोपऱ्यात बसून नायकाकडे पाहायचेच असेल तर देवळाच्या सभामंडपातला खांब त्यासाठी चांगला आहे.

पाऊस मात्र सगळ्यांत जास्त विसरला जातो. माझे सैन्य श्रावणात गोदा उतरून गेले होते. जायकवाडीचे धरण होण्याआधीची श्रावणातली गोदा मामांनी पाहिलेली आहे, त्यांनी त्या पानाच्या समासात फक्त "कशी?" एवढेच लिहिले. पावसाळ्याचे चार महिने मोहिमा थांबत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होई, हे शाळेत शिकूनही लिहिताना आठवले नव्हते. हाच तपशील सांभाळला तर तो कथेच्या उपयोगी पडतो. अल्लाउद्दीनने देवगिरीवर चाल केली ती १२९६ च्या सुरुवातीला, कोरड्या दिवसांत. यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर गेलेले होते. आणि गडावर घाईने चढवलेल्या धान्याच्या गोण्या उघडल्या तेव्हा त्यांत मीठ निघाले, अशी हकीकत फिरिश्ता या फारसी इतिहासकाराने सांगितली आहे. कोणत्याही शापाशिवाय राज्य कोसळण्याची अशी जागा कल्पनेने सुचणे कठीण.

खरे असूनही खोटे वाटणारे

आता उंदरांकडे वळू. राजाच्या ग्रंथात भाजलेले उंदीर आहेत म्हणून मी दरबारी मेजवानीत ते वाढले. चारपैकी तीन वाचकांनी तेथेच आक्षेप घेतला, की हा भाग उगाच किळस आणण्यासाठी चिनी-जपानी कथांतून उचललेला दिसतो. आधार माझ्या बाजूने होता आणि विश्वास तरीही तुटला होता. हा बिघाड सर्वांत त्रासदायक असतो, कारण येथे लेखक बरोबर असतो आणि त्या बरोबरपणाचा त्याला काहीच उपयोग होत नाही.

याहून चांगले उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांचे आहे. त्यांतला शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. त्यावरून दिसते की संजानच्या प्रदेशाचा कारभार तेव्हा मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता; मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप मानतात. त्याने नदीवर फुकट नावा चालवल्या, भात, कालवण आणि तूप वाढणारे अन्नछत्र घातले, आणि राजाच्या संमतीने देवीच्या मठिकेसाठी जमीन दिली. असा माणूस कथेत जसाच्या तसा आणला तर वाचक म्हणतो की लेखिकेने आजचे विचार जुन्या काळावर लादले. सहा-सातशे वर्षे पुढे येऊन अहमदनगरच्या निजामशाहीत हबशी वंशाचा वजीर दाखवला तरी तोच आक्षेप येऊ शकला असता, पण मलिक अंबर (मृत्यू १६२६) पाठ्यपुस्तकात भेटलेला असल्यामुळे तो येत नाही. म्हणजे खटकणे हे खऱ्या-खोट्यावर ठरत नाही, ते वाचकाच्या डोक्यात आधीपासून असलेल्या चित्रावर ठरते.

उपाय म्हणून तळटीप देऊ नये. तळटीप दिली की वाचक कथेबाहेर जाऊन परत येतो आणि परत येताना शंका घेऊन येतो. मला उपयोगी पडलेली युक्ती अशी की जी गोष्ट वाचकाला खटकणार आहे ती आधी एखाद्या पात्राला खटकू द्यावी. माझ्या कथेत आता घाटावरून प्रथमच बंदरात उतरलेला एक तरुण भिक्षुक अरब अधिकाऱ्याच्या अन्नछत्रासमोर पंगतीत बसावे की नाही या विचारात उभा राहतो, आणि वाढणारी म्हातारी त्याला म्हणते, "नाव वल्हवत आलास ना रे त्याचीच? मग भात कशाला बाटतो?" वाचकाची शंका त्या तरुणाने आधीच बोलून टाकल्यामुळे वाचक आता म्हातारीच्या बाजूने होतो. उंदरांना मात्र मी मेजवानीतून काढून शेताच्या बांधावर नेले, कारण भाताच्या खाचरात उंदीर पकडून भाजणारी पोरे कोणालाच अविश्वसनीय वाटत नाहीत. राजाचे नाव त्यांच्याजवळून एकदाच, ओझरते जाते.

पात्रांच्या विचारांचा दोष याच जातीचा आहे. मूळ खर्ड्यात नायिकेचे नाव आर्या होते आणि तिला 'स्वतःची ओळख शोधायची' होती. बंडखोरी हा दोष नव्हता. याच काळातली महदाइसा 'लीळाचरित्रा'त प्रश्नांवर प्रश्न विचारताना दिसते, तिचे धवळे आजही वाचले जातात आणि तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. दोष होता तो बंडाच्या भाषेचा. नायिकेचे नाव मी देमाइसा केले, आणि 'ओळख' काढून टाकून तिला एक साधा प्रश्न दिला: मेल्यावर माझे पिंड कोण घालणार, आणि कोणी घातले नाही तर माझे काय बिघडते? तो प्रश्न त्या काळात विचारता येण्याजोगा आहे आणि आजच्या कोणत्याही घोषणेपेक्षा तिच्या सासऱ्याला अधिक हादरवणारा आहे.

पुन्हा उद्भवू नये म्हणून

खर्डा संपल्यावर तो सलग न वाचता एका वेळी एकाच गोष्टीसाठी चाळावा: एकदा फक्त अन्न, एकदा फक्त उजेड आणि विस्तव, एकदा कुलपे-कवाडे, एकदा लिहिण्याची साधने, एकदा वेळेची मापे. सलग वाचताना आपण कथेत ओढले जातो आणि चुका डोळ्यांखालून निसटतात. मापांच्या बाबतीत फार खोलात जाण्याची गरज नाही. घटका म्हणजे चोवीस मिनिटे, पळ म्हणजे चोवीस सेकंद, प्रहर तीन तासांचा, एवढ्यावर काम भागते. त्या शब्दांचा मारा मात्र करू नये, कारण दर पानावर घटका मोजणारी कथा पंचांगासारखी वाटू लागते.

दुसरे असे की इतिहास जाणणाऱ्या एका वाचकापेक्षा हाताने काम करणारे तीन वाचक अधिक चुका पकडतात. शेती करणारा, रोज स्वयंपाक करणारी आणि जनावरे पाळणारा एवढे मिळाले तर पुष्कळ झाले. त्यांना "काही चुकले आहे का?" असे विचारू नये, कारण ते भिडेखातर नाही म्हणतात, "कुठे थांबलात?" असे विचारावे.

आणि एखादी चूक मुद्दाम ठेवायचीच असेल, म्हणजे तुमच्या राज्यात मिरची हवीच असेल, तर तिच्यासाठी राक्षसासारखीच सवलत मागून घ्यावी. पहिल्याच प्रकरणात एखादा खलाशी बेटावरून लाल शेंगांची पिशवी आणतो आणि बाजारात कोणी ती चाखून शिव्या घालतो, एवढे एक दृश्य पुरते. त्यानंतर तुमच्या जगात मिरची उगवते, आणि पुढे कोणी तक्रार करत नाही.

दुरुस्त केलेला खर्डा मी गेल्या दिवाळीत पुन्हा मामांकडे नेला. त्यांनी जळराक्षसाचे प्रकरण पुन्हा वाचले आणि त्यापुढचे पानही न थांबता वाचले. देमाइसा आता ओवरीत बसून तळ्यातून नुकतेच काढून आणलेले शिंगाडे सोलून खात होती. प्रकरण संपवून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "चांगलं झालंय. पण आषाढात ओले शिंगाडे कुठून आणलेस? ते तर आत्ता येतात."